वरचा जबडा अरुंद: एक्सपांडर, प्लेट, तारा की अलायनर?

रानजाई

नमस्कार. मुलगी ९ वर्षांची आहे. उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात आणि तोंड मिटताना हनुवटी किंचित उजवीकडे सरकते. समोरचे चार-चार दात पक्के आलेत, सहाव्या वर्षीच्या दाढाही आल्यात, मधले सगळे अजून दुधाचे. तीन ठिकाणी तीन सल्ले मिळाले. एक: टाळूला पक्का बसवायचा एक्सपांडर, रोज चावीने एक फेरा. दोन: काढता-घालता येणारी प्लेट. तीन: सगळे पक्के दात येऊ द्या, मग तारा लावू.

समजून घ्यायचंय ते असं. उलटा चावा एकाच बाजूला असताना दोन्ही बाजू का रुंदवायच्या? प्लेट आणि एक्सपांडर यांच्या कामात फरक काय? थांबलं तर काय बिघडतं? घरी चावी फिरवताना काय चुकतं? आणि तिच्या मामेभावाचं वय २४ आहे, त्याचाही वरचा जबडा अरुंद आहे, त्याला "अलायनरने होईल" असं सांगितलंय, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक साच्यांनी. ते खरंच होतं का?

---

दंतरचना

उपकरण कुठलं हे नंतर ठरवू. आधी बघायचं ते हे की अरुंदपणा हाडात आहे की दातांत.

टाळू हे एकसंध हाड नसतं. उजवा आणि डावा असे दोन भाग मधोमध एका सांध्याने जोडलेले असतात. लहान वयात हा सांधा बऱ्यापैकी सरळ आणि मऊ असतो. वय वाढतं तशा दोन्ही कडा करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकींत अडकत जातात आणि पुढे हाड जुळून येतं. एक्सपांडर याच सांध्याला बाजूला सारतो, मधल्या जागेत नवं हाड भरतं. खालच्या जबड्यात असा सांधा वापरायला मिळत नाही. हनुवटीतला मधला जोड वयाच्या पहिल्या वर्षातच बुजतो. त्यामुळे "खालचा जबडाही रुंदवू" असं कोणी म्हटलं तर तिथे फक्त दात बाहेर कलणार आहेत, हे लक्षात ठेवा.

आता तुमचा एका बाजूचा प्रश्न. मुलीला आरामात बसवा, जीभेचं टोक टाळूच्या मागच्या भागाला लावायला सांगा आणि तोंड अगदी हळू मिटायला सांगा. दात पहिल्यांदा टेकतात त्या क्षणी थांबवा. बहुतेक वेळा असं दिसतं की वरच्या आणि खालच्या मधल्या रेषा जुळलेल्या आहेत आणि दोन्ही बाजूंच्या दाढा टोकाला टोक टेकून बसल्यात. अशा स्थितीत चावता येत नाही, म्हणून मूल जबडा एका बाजूला सरकवून सोय करून घेतं. ज्या बाजूला सरकवतं तिथे उलटा चावा दिसतो, दुसरी बाजू ठीक वाटते. म्हणजे दिसायला एका बाजूचा, पण अरुंदपणा दोन्हीकडे सारखा. म्हणून रुंदवायचं तेही दोन्हीकडे.

हळू मिटूनही जबडा सरकत नसेल, मधल्या रेषा आधीपासूनच चुकलेल्या असतील, तर प्रकरण वेगळं. तिथे खालच्या जबड्याची वाढच असमान असू शकते आणि नुसता एक्सपांडर पुरत नाही.

हाड की दात, याची खूण वरच्या दाढांच्या कलण्यात असते. आरशात किंवा प्लास्टरच्या मॉडेलवर मागून बघा. वरच्या दाढा आतल्या बाजूला झुकलेल्या असतील आणि टाळू पुरेसा रुंद असेल, तर दात सरळ केले की काम झालं. वरच्या दाढा आधीच बाहेरच्या बाजूला फाकलेल्या आहेत, तरीही खालच्यांपर्यंत पोचत नाहीत, टाळू उंच आणि निमुळता आहे, तर कमतरता हाडात आहे. अशा दाढांना आणखी बाहेर ढकलणं म्हणजे मुळं हिरडीच्या बाहेरच्या पातळ हाडातून बाहेर काढणं. एक ढोबळ माप सांगते: वरच्या पहिल्या पक्क्या दाढांच्या आतल्या कडांमधलं अंतर साधारण ३५ ते ३९ मि.मी. असेल तर रुंदी पुरेशी धरतात. ३१ च्या आत असेल तर दातांची सगळी गर्दी मावणं अवघड असतं. हे माप एकटं काही ठरवत नाही, चेहऱ्याची ठेवण आणि खालची कमान शेजारी ठेवूनच बघायचं.

थांबण्याबद्दल. दाताच्या गर्दीसाठी थांबणं अनेकदा योग्य असतं. सरकणाऱ्या जबड्यासाठी नाही. रोज हजारो वेळा हनुवटी एका बाजूला नेऊन चावलं की खालच्या जबड्याचा सांधा, स्नायू आणि पुढे हाडाची वाढसुद्धा त्याच बाजूला जुळवून घेते. ९ व्या वर्षी हे सुधारलं तर हनुवटी बहुधा मधोमध येते. १५ ला सुधारलं तर दात जुळतात पण चेहऱ्याचा तिरकेपणा राहू शकतो. तुमचा तिसरा सल्ला या एका कारणासाठी मला पटत नाही.

एक तपासणी मात्र राहू देऊ नका: दुधाचे सुळे. कधी कधी एखादा दुधाचा सुळा लांब आणि टोकदार राहिलेला असतो आणि जबडा त्यालाच टाळण्यासाठी सरकतो. रुंदी पुरेशी असेल तर तेवढा सुळा घासून काम भागतं. हे ४–६ वर्षांच्या मुलांत जास्त उपयोगी पडतं, पण ९ व्या वर्षीही वरचे दुधाचे सुळे तोंडात असतात, तेव्हा बघून घ्यायला हवंच.

अंगठा चोखण्याची सवय असेल तर तीही आधी सांगा. सवय सुरू असताना रुंदवलेलं टिकत नाही.

---

चावी_नि_स्क्रू

वरच्याशी सहमत. उपकरणांचं मी सांगतो.

काढता-घालता येणारी प्लेट: ॲक्रिलिकचे दोन तुकडे, मध्ये छोटा स्क्रू. आठवड्यातून एक-दोनदा पाव फेरा. जोर कमी, पकड तारेच्या हुकांची, म्हणून ती मुख्यतः दाढा बाहेर कलवते. २–३ मि.मी. कमी असेल, दाढा आत झुकलेल्या असतील तर चालते. अडचण एकच आणि ती मोठी: खिशात गेलेली प्लेट काही करत नाही. दोन दिवस बाहेर राहिली की परत बसताना घट्ट लागते, घट्ट लागते म्हणून मूल टाळतं, मग ती बसतच नाही आणि स्क्रू उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करावी लागते. दिवसरात्र घालणारं मूल असेल तरच हा मार्ग.

क्वाड हेलिक्स: दोन दाढांवर बँड (दाढेभोवती बसणारं धातूचं कडं), त्यांना जोडणारी सुमारे ०.९ मि.मी. जाडीची तार, तिला चार वेटोळी. चावी नाही, घरी काही करायचं नाही. दर सहा आठवड्यांनी डॉक्टर ती काढून थोडी उघडून परत बसवतात. जोर हलका पण अखंड. दाढा जागेवर फिरलेल्या असतील तर त्याही सरळ होतात. अंगठा चोखणाऱ्या मुलांत पुढची वेटोळी आठवण करून देतात. उलटा चावा फार खोल नसेल तर मला प्लेटपेक्षा हे केव्हाही बरं वाटतं.

हायरॅक्स, म्हणजे पक्का बसवायचा एक्सपांडर: टाळूवर फक्त धातू. मधोमध स्क्रू, चार हात, दाढांना बँड. सांधा उघडायचा तर हे किंवा याच्यासारखंच काहीतरी लागतं. हास प्रकारात टाळूला ॲक्रिलिकची गादी टेकते, जोर थोडा टाळूच्या हाडावरही जातो, पण गादीखाली अन्न अडकून टाळू लाल होतो. तिसरा प्रकार दाढांच्या चावायच्या भागावर ॲक्रिलिकची टोपी चिकटवून बसवायचा. चेहरा लांबट असेल, समोरचे दात मिटत नसतील तर हा निवडतात, कारण टोपीमुळे दाढा खाली उतरत नाहीत.

९ व्या वर्षी एक व्यावहारिक मुद्दा येतो. दुधाची पहिली दाढ साधारण १०–११ ला पडते. ती आत्ताच हलत असेल तर तिच्यावर बँड बसवू नये. उपचार अर्ध्यात असताना दाढ बँडसकट सुटते. तिथे बँडऐवजी नुसता तारेचा हात आतल्या बाजूने टेकवतात. हे माप घेण्याआधी विचारा, प्रयोगशाळेतून तयार होऊन आल्यावर बदलता येत नाही.

बसवण्याचा क्रम: पहिल्या भेटीत दाढांच्या मध्ये रबराचे छोटे निळे-हिरवे कडे अडकवतात, बँडला जागा व्हावी म्हणून. ५–७ दिवस ठेवतात. त्यातलं एखादं पडलं तर लगेच कळवा, फट परत बुजते आणि बँडच्या दिवशी दुखतं. दुसऱ्या भेटीत बँड मापून ठसा किंवा स्कॅन. तिसऱ्या भेटीत सिमेंटने बसवणं आणि तुमच्यासमोर पहिला फेरा. तो फेरा तुम्ही स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय खुर्चीतून उठू नका.

आता चावी, कारण निम्मी बिघाडं इथेच होतात.

मुलीला पलंगावर आडवं करा, डोकं तुमच्या मांडीशी, हनुवटी वर, खोलीतला दिवा नाही तर मोबाइलचा टॉर्च सरळ तोंडात. चावीला दोरा किंवा डेंटल फ्लॉस बांधून तो मनगटाला अडकवा. चावी निसटून घशात जाऊ शकते, हे गृहीत धरूनच काम करायचं. स्क्रूच्या मधल्या जाड भागावर एक छिद्र समोरच्या दातांकडे तोंड करून दिसेल. शेजारी बहुधा बाण कोरलेला असतो, तो घशाकडे वळलेला. चावीचं टोक छिद्रात पूर्ण आत जाईपर्यंत घाला, अर्धवट नको. मग एका सलग हालचालीत घशाच्या दिशेने ढकला. थांबायचं कधी? समोरच्या बाजूला पुढचं छिद्र पूर्ण दिसलं की.

आणि चावी बाहेर काढताना ती जिभेकडे, खाली आणि मागे दाबत काढायची. पुढे, स्वतःकडे ओढली की स्क्रू तेवढाच उलटा फिरतो. तुम्हाला वाटतं फेरा झाला, प्रत्यक्षात शून्य. दुसऱ्या दिवशी छिद्र अर्धंच दिसतं, चावी जात नाही, मूल घाबरतं आणि मग "स्क्रू अडकला" म्हणून फोन येतो. बहुतेक वेळा स्क्रू अडकलेला नसतो, कालचा फेरा अपुरा राहिलेला असतो. अशा वेळी चावी मागच्या छिद्रात घालून तो फेरा पूर्ण करायचा. न दिसणाऱ्या छिद्रात जोर लावायचा नाही.

इथे 'एक फेरा' म्हणजे एका छिद्रापासून पुढच्या छिद्रापर्यंतचा पाव फेरा. त्याला स्क्रू सहसा ०.२५ मि.मी. उघडतो, काही बनावटींत ०.२०. तुमचा कुठला ते विचारून वहीत लिहा. हिशोब सोपा: ७ मि.मी. हवे असतील आणि रोज एक फेरा असेल तर २८ दिवस. कॅलेंडरवर प्रत्येक फेऱ्याला खूण करा. आई-बाबा दोघंही फिरवत असतील तर हे फार महत्त्वाचं, नाहीतर एकाच दिवशी दोन फेरे होतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन करून भरपाई करू नका. एक दिवस उशिरा संपेल, एवढंच.

फेऱ्यानंतर ५–१० मिनिटं दाढांत, नाकाच्या मुळाशी, कधी गालाच्या हाडात दाब जाणवतो. तो विरतो. तासाभराने दुखणं वाढत असेल, किंवा फेरा करताना कळ येऊन मूल ओरडत असेल तर पुढचा फेरा करू नका, कळवा.

---

रानजाई

मनापासून आभार. हळू मिटायला लावून बघितलं. दोन्हीकडे टोकाला टोक टेकतं आणि मग ती उजवीकडे सरकवते, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच. म्हणजे हायरॅक्सकडे कल आहे.

दोन भीती आहेत. समोरच्या दोन दातांत मोठी फट पडते म्हणे. ती आपोआप जाते का? आणि थांबायचं नेमकं कधी, डॉक्टर भेट तीन आठवड्यांनी देत आहेत, तेवढ्यात जास्त रुंद झालं तर?

---

दंतरचना

फट पडणं ही चांगली खूण आहे. सांधा उघडला याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा तोच. दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला दिसू लागते आणि स्क्रू जितका उघडला त्याच्या साधारण निम्मी होते. दातांच्या मुळांभोवतीचे हिरडीतले तंतू ताणले गेलेले असतात, ते दातांना परत एकमेकांकडे खेचतात. फेरे थांबल्यावर काही महिन्यांत फट बहुधा स्वतःहून मिटते. आधी दातांची टोकं जवळ येतात, मुळं मागाहून. ती मिटवायला रबर बँड घालू नका. समोरच्या दोन दातांवर नुसतं रबर चढवलं की ते हळूहळू हिरडीत सरकतं, मुळांपर्यंत पोचतं आणि दात गमावण्याची वेळ येते. कुणी कितीही सहज सुचवलं तरी नाही.

उलट, २०–२५ फेरे होऊनही फट नाही, फक्त दाढा बाहेर फाकल्यासारख्या दिसतात, दाब दुखण्यात बदललाय, तर सांधा उघडत नाहीये आणि सगळा जोर दाढा कलवण्यात जातोय. थांबून एक्स-रे. उघडलेला सांधा त्यात समोर रुंद आणि मागे निमुळता असा काळा त्रिकोण दिसतो. ९ वर्षांच्या मुलीत असं क्वचित होतं.

कधी थांबायचं: वरच्या दाढेची आतली (टाळूकडची) टोकं खालच्या दाढेच्या बाहेरच्या टोकांच्या आतल्या उतारावर टेकू लागली की. म्हणजे चावा नेमका बसलेला नसतो, वरची कमान गरजेपेक्षा २–३ मि.मी. रुंद दिसते. मुद्दामच तसं ठेवतात, कारण बाहेर कललेल्या दाढा नंतर थोड्या आत परततात. आई-बाबांना या टप्प्यावर वाटतं की जास्त झालं, मूल चावताना अडखळतंय. अपेक्षित आहे.

तीन आठवड्यांची भेट मला लांब वाटते. फेरे सुरू असताना आठवड्याला, फार तर दोन आठवड्यांनी बघायला हवं. मिळत नसेल तर निदान दर आठवड्याला समोरून आणि दोन्ही बाजूंनी दात मिटलेले फोटो पाठवायची परवानगी घ्या. आणि फेऱ्यांचा एक कमाल आकडा लिहून मागा, "इतके झाले की फोन केल्याशिवाय पुढचा नाही." स्क्रूला स्वतःची मर्यादा असते, मापानुसार ७ ते १३ मि.मी. त्यापुढे नेलं तर दोन भाग सुटतात.

फेरे संपले म्हणजे उपचार संपला असं नाही. मधल्या जागेत हाड भरायला वेळ लागतो, म्हणून तेच उपकरण स्क्रू कुलूपबंद करून ३ ते ६ महिने तसंच ठेवतात. मी सहाच्या बाजूने. छिद्रात थोडं कॉम्पोझिट भरून किंवा बारीक तार बांधून स्क्रू फिरणार नाही असं करतात. आता काहीच होत नाहीये असं वाटून उपकरण लवकर काढा म्हणणारे खूप असतात. लवकर काढलं की आठवड्याभरात दाढा आत यायला लागतात. काढल्यावर त्याच दिवशी टाळूवरची साधी प्लेट किंवा टाळूपट्टी द्यावी लागते.

---

हिरडीकाठ

निगेबद्दल थोडं, मग मामेभावाबद्दल.

पहिले ३–४ दिवस लाळ भरपूर सुटते आणि 'त', 'स', 'श' नीट येत नाहीत. मुलीला मोठ्याने वाचायला लावा, जीभ आठवड्यात जागा शोधते. पहिले दोन दिवस मऊ खाणं, लहान घास. नंतर कडक आणि चिकट पदार्थ सोडून सगळं.

स्क्रूच्या खाली आणि टाळूच्या मध्ये १–२ मि.मी. मोकळी जागा असायला हवी. तिथे अन्न अडकतं. प्रत्येक जेवणानंतर बिनसुईच्या प्लास्टिकच्या सिरिंजने कोमट पाण्याचा झोत समोरून मागे मारा. रात्री मऊ, लहान डोक्याचा ब्रश बँडच्या हिरडीकडच्या कडेवर तिरका धरून. कडेला पांढरी रेघ दिसली तर तिथे कॅल्शियम निघून चाललंय, म्हणजे कीड लागायची सुरुवात. फ्लोराइडची टूथपेस्ट ब्रश केल्यावर थुंकून टाका, चूळ भरू नका. दोन आठवड्यांतून एकदा स्क्रूखालचा टाळू टॉर्चने बघा. धातूचा ठसा उमटला असेल, मांस फुगून स्क्रूभोवती चढलं असेल तर थांबून दाखवा.

बँड सैल झालाय का, हे ओळखायची खूण: बँडवर बोट दाबलं की कडेतून लाळेचे बारीक बुडबुडे येतात. सैल बँडखाली लाळ आणि अन्न महिनोन्महिने साठतं आणि बँड काढल्यावर दाढ किडलेली सापडते. म्हणून हे किरकोळ समजून पुढच्या भेटीपर्यंत ठेवू नका, आणि तो परत चिकटवला जाईपर्यंत फेरे बंद.

आता वय २४. इथे माझा सूर जरा कडक असेल.

१४–१५ च्या पुढे सांधा उघडेल की नाही हे वयावरून सांगता येत नाही. काहींत १३ लाच बुजलेला असतो, काहींत विशीतही उघडा. त्यासाठी सीबीसीटी हे त्रिमितीय स्कॅन करतात आणि सांध्याच्या ए ते ई अशा पाच अवस्था बघतात. ए आणि बीमध्ये साधा एक्सपांडर चालू शकतो, सी सीमेवर, डी आणि ईमध्ये हाड जुळलेलं असतं. मोठ्या माणसाला स्कॅनशिवाय "हो, उघडेल" म्हणणाऱ्याला आधी स्कॅन मागा.

अलायनर हाड रुंदवत नाही. प्रत्येक बाजूला १–२ मि.मी., तेही दाढा बाहेर कलवून, एवढीच त्याची भरवशाची मर्यादा. दाढा आत झुकलेल्या असतील, हिरडी जाड असेल, उलटा चावा एक-दोन दातांचाच असेल तर अलायनर उत्तम, अट रोज २०–२२ तास घालण्याची. पण हाड कमी असताना, दाढा आधीच बाहेर कललेल्या असताना ५ मि.मी. अलायनरने मिळवायचे म्हणजे स्क्रीनवर कमान सुंदर दिसेल आणि तोंडात गालाकडचं हाड विरळ होईल. दोन-तीन वर्षांनी दाढांच्या बाहेरच्या बाजूने हिरडी मुळाकडे सरकलेली दिसते. हिरडी गेली की सहजी परत येत नाही. साध्या तारांनी रुंद कमान बसवली तरी हाच धोका आहे, तेव्हा दोष एकट्या अलायनरचा नाही.

म्हणून त्याच्यासाठी तीन रस्ते.

पहिला, टाळूच्या हाडात २ किंवा ४ मिनी-स्क्रू घट्ट रोवून त्यांच्यावर एक्सपांडर बसवणं, मार्पे. टाळू बधिर करून खुर्चीतच होतं. चांगलं बसलं तर स्क्रू टाळूच्या हाडाची खालची आणि नाकाकडची अशा दोन्ही कडा पकडतो, जोर दातांऐवजी हाडावर जातो. विशीत यश बऱ्यापैकी मिळतं, वय वाढेल तसं आणि पुरुषांमध्ये कमी. फेऱ्यांच्या काळात समोर फट पडली नाही, किंवा एकच बाजू सरकली, किंवा मिनी-स्क्रू हलायला लागले तर फेरे वाढवत नेऊ नयेत.

दुसरा, शस्त्रक्रियेच्या मदतीने. तोंडाच्या शल्यचिकित्सकाने वरच्या जबड्याच्या बाजूच्या भिंती आणि मधला सांधा मोकळा करायचा, ५–७ दिवस थांबायचं, मग रोज सुमारे अर्धा मि.मी. उघडायचं. रुंदी ६–७ मि.मी. पेक्षा जास्त कमी असेल किंवा सांधा पूर्ण बुजलेला असेल तर हाच भरवशाचा.

तिसरा, काही न रुंदवणं. उलटा चावा दोन्ही बाजूंना सारखा आहे, जबडा सरकत नाही, दाढा झिजलेल्या नाहीत, चावताना त्रास नाही, तर तो तसाच ठेवून समोरचे दात सरळ करता येतात. हा पर्याय लोकांना सांगितलाच जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

---

चावी_नि_स्क्रू

@हिरडीकाठ, तिसऱ्या रस्त्याला माझं मत. एखाद्या दाढेचाच उलटा चावा असेल तर आडव्या रबरांनीही भागतं: वरच्या दाढेच्या आतून खालच्या दाढेच्या बाहेर. पण दोन्ही दाढा हाडातून थोड्या बाहेर येतात आणि समोरचा चावा उघडतो. आधीच समोर न मिटणाऱ्या तोंडात ती देऊ नयेत.

रानजाई, आणखी एक ऐकायला मिळेल: "जबडा रुंदवला की दात काढावे लागणार नाहीत." हिशोब करून बघा. उपदाढांपाशी १ मि.मी. रुंदवल्यावर कमानीत साधारण ०.७ मि.मी. जागा मिळते. ५ मि.मी. रुंदवलं तर जेमतेम साडेतीन. गर्दी ३–४ मि.मी. असेल तर खरंच वाचतात, ८–९ असेल तर नाही. आणि खालच्या जबड्याची गर्दी वरच्या एक्सपांडरने फारशी सुटत नाही.

---

दंतरचना

तसंच श्वासाचंही. टाळू हीच नाकाची फरशी असते, त्यामुळे सांधा उघडल्यावर नाकाची वाटही रुंद होते आणि काही मुलांना नाकाने श्वास घेणं सोपं जातं. पण टाळू पुरेसा रुंद असलेल्या मुलाला केवळ घोरतं म्हणून एक्सपांडर लावणं मला चुकीचं वाटतं. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचं ॲडेनॉइड आणि टॉन्सिल आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. नाक बंदच राहिलं तर जीभ खालीच राहते, आणि रुंदवलेली कमान परत आत यायला मोकळी होते.

ही पद्धत नवी नाही, म्हणून "प्रयोग करतायत का" अशी शंका मनात असेल तर काढून टाका. एमर्सन एंजेल यांनी १८६० साली अमेरिकेत सुमारे १४ वर्षांच्या मुलीच्या टाळूत स्क्रू बसवून जबडा रुंदवला आणि ते छापून आणलं. त्या वेळी फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. पुढे अँड्र्यू हास यांनी १९६१ मध्ये गादीच्या एक्सपांडरचं काम मांडलं आणि तिथून ती रुळली.

---

रानजाई

खूप स्पष्ट झालं. शेवटचं एक: पूर्ण एक्सपांडरच निघून हातात आला तर? रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी?

---

चावी_नि_स्क्रू

पूर्ण निघाला असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन कडक डबीत ठेवा. टिश्यूत गुंडाळून ठेवू नका, तोच नजरचुकीने कचऱ्यात जातो. स्क्रू फिरवू नका, घरी पुन्हा दाबून बसवायचा प्रयत्न नको, कुठलाही गोंद तर नकोच. फेरे सुरू असताना निघाला तर एक-दोन दिवसांत परत चिकटवायला हवा. सांध्यात अजून हाड भरलेलं नसतं, रुंदी झपाट्याने कमी होते, आणि चार-पाच दिवसांनी तोच एक्सपांडर बसत नाही. मग स्क्रू काही फेरे उलटा घेऊन पुन्हा सुरू करावा लागतो.

एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूने लटकत असेल तर ते जास्त अवघड, झोपेत घशाकडे सरकू शकतं. सुट्टी असली तरी त्याच दिवशी कुठल्याही दातांच्या डॉक्टरांकडून ते काढून घ्या, तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टची वाट बघू नका. परत बसवायचं काम मात्र तुमच्याच डॉक्टरांकडे. काढलेला एक्सपांडर आणि आतापर्यंतचे फेरे लिहिलेली वही दोन्ही सोबत न्या.